नायकाचें मोल

तराजूच्या एका पारड्यांत वजन टाकून दुसऱ्यांत धान्य घालावें, तसा मनुष्य तोलतां येत नाहीं, असें सर्वजण म्हणतात. आणि तरीहि दिवसाकाठीं दहा वेळां आपण मनुष्यांस तोलीत असतों. त्यांतून तो मनुष्य कोणाचा नायक असला, म्हणजे तर तोलणारांची दाटीच होते. एक म्हणतो, हा पुरुष स्वतः मोठा कर्तबगार आहे. दुसरा म्हणतो, कर्तबगारी असेल, पण हाताखालच्या माणसांस त्यानें काय दिलें? तिसरा म्हणतो, तो गेल्यावर पहा, सारें कसें कोसळेल. आणि हें कोसळणें म्हणजेच जणूं त्याच्या थोरवीची साक्ष, अशा सुरांत तो हें बोलतो. हीं तिन्ही मापें आपण एकाच बैठकींत वापरतों, आणि तीं परस्परांस छेद देतात हें आपल्या ध्यानींहि येत नाहीं. नायकाचें सामर्थ्य मोजावयाचें तें कशानें? त्याच्या भुजबळानें, त्याच्या सान्निध्यानें इतरांस मिळणाऱ्या बळानें, कीं त्याच्या पश्चात् उरणाऱ्या बळानें? हा प्रश्न आज आम्ही वाचकांपुढें मांडीत आहों.

त्याच्या विवेचनास आम्ही एका खेळाचा आधार घेणार आहों, हें ऐकून कांहीं वाचकांच्या कपाळास आठी पडेल. परंतु या बाबतींत खेळाचा एक मोठा उपकार आहे. तत्त्वज्ञानाच्या ग्रंथांत ‘तेज’, ‘प्रभाव’, ‘व्यक्तिमत्त्व’ असे भरघोंस शब्द वापरून लेखकास निसटतां येतें. खेळाचे नियम करणारास ती सोय नाहीं. नायक जवळ उभा असला तर शिपायाचें धैर्य किती वाढतें, किती अंतरापर्यंत वाढतें, नायक पडला तर किती उणें होतें, आणि असा नायक पदरीं बाळगावयास किती नाणीं मोजावीं, हें सारें त्याला आंकड्यांनीं सांगावें लागतें. आंकडा एखादे वेळीं चुकीचा असेल, पण तो लपत नाहीं. आणि ज्याचें मत उघडें आहे त्याच्याशींच नीट वाद घालतां येतो.

आपल्या ओळखीच्या बुद्धिबळांत राजा हा सर्वांत अनमोल आणि जवळजवळ सर्वांत दुबळा असतो. एका वेळीं एकच घर चालणारा हा राजा कोणास धीर देत नाहीं. त्याच्या शेजारचें प्यादें त्याच्या सान्निध्यानें तिळमात्रहि बलवान् होत नाहीं. तो कोंडला गेला कीं डाव संपला, एवढेंच त्याचें मोल. आणि तें त्याच्या गुणांचें नसून नियमाचें आहे. पुढें प्रशियांत राइस्विट्झ नांवाच्या पितापुत्रांनीं युद्धाचा एक निराळा खेळ रचला. पित्यानें १८१२ मध्यें तो राजापुढें मांडला. तोफखान्यांत अधिकारी असलेल्या पुत्रानें १८२४ मध्यें त्याचे सुधारलेले नियम प्रसिद्ध केले, आणि प्रशियाच्या सैन्यानें ते अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठीं उचलले. या खेळांत सेनापति पटावर नसतोच. तो पटाबाहेर राहून हुकूम लिहितो, आणि पंच ते हुकूम पटावर उतरवितो. म्हणजे येथें नायकाचें मोल हें त्याच्या हुकुमाचें मोल झालें.

यानंतर १९१३ मध्यें एच्. जी. वेल्स या इंग्रज ग्रंथकारानें ‘लिटल वॉर्स’ नांवाचें पुस्तक लिहून मुलांच्या खेळण्यांतल्या सैनिकांनीं जमिनीवर लढाई कशी खेळावी, हें सांगितलें. त्याच्या नियमांत कोणा एका सैनिकाच्या धैर्याला निराळा आंकडा नव्हता. मात्र एक नियम लक्षांत ठेवण्यासारखा आहे. तोफ चालूं राहण्यास तिच्यापासून सहा इंचांच्या आंत स्वपक्षाचे निदान चार सैनिक असले पाहिजेत, असें त्यानें ठरविलें होतें. तोफ ही निर्जीव वस्तु. माणसें जवळ असलीं तरच तिला प्राण येतो. हें सहा इंचांचें अंतर वाचकांनीं स्मरणांत ठेवावें. कारण तेंच अंतर आपणांस पुढें पुन्हां भेटणार आहे, आणि त्या वेळीं तें तोफेभोंवतीं नसून एका मनुष्याभोंवतीं असेल.

आम्हांस ज्या खेळाविषयीं लिहावयाचें आहे, तो ‘मॉर्डहाइम’ या नांवाचा. इंग्लंडांतील नॉटिंगहॅम येथील गेम्स वर्कशॉप या मंडळीनें तो १९९९ मध्यें प्रसिद्ध केला. टुओमास पिरिनेन हा त्याचा प्रमुख रचनाकार. मंडळीनें पुढें त्याचें प्रकाशन थांबविलें, तरी हौशी लोक तो अद्यापि आवडीनें खेळतात. धूमकेतूच्या आघातानें उद्ध्वस्त झालेलें जुन्या जर्मनीच्या धर्तीवरचें एक कल्पित नगर, त्याच्या भग्न घरांत विखुरलेले मंत्रसामर्थ्याचे खडे, आणि ते लुटण्यासाठीं शिरलेल्या परस्परविरोधी टोळ्या, असें त्याचें कथानक. टेबलावर पडक्या घरांचे नमुने मांडावयाचे, रंगविलेलीं बोटभर उंचीचीं बाहुलीं त्यांतून चालवावयाचीं, अंतर मोजपट्टीनें मोजावयाचें आणि परिणाम फांशांनीं ठरवावयाचा. येथें मोठें सैन्य नाहीं. भाडोत्री सैनिकांच्या टोळींत फार तर पंधरा जण, आणि त्यांत नायक एकच; दोन नव्हेत, आणि नायकावांचूनहि चालत नाहीं.

प्रत्येक बाहुल्याच्या नांवापुढें कांहीं आंकडे असतात: किती चालतो, हातघाईंत कसा, नेम कसा, बळ किती, सोशिकपणा किती, किती घाव सोसतो, इत्यादि. शेवटचा आंकडा नेतृत्वाचा. भयाचा प्रसंग आला कीं दोन फांसे टाकावयाचे. त्यांची बेरीज या आंकड्याएवढी किंवा त्याहून कमी आली तर मनुष्य टिकला, अधिक आली तर डगमगला. टोळी उभी करण्यास आरंभीं सोन्याचीं ५०० नाणीं मिळतात. त्यांतून ६० नाण्यांस नायक, ३५ नाण्यांस त्याच्या खालचा वीर, २५ नाण्यांस साधा शिपाई, आणि १५ नाण्यांस एखादा नवशिका तरुण ठेवतां येतो. नायकाचा नेतृत्वाचा आंकडा ८, वीराचा आणि शिपायाचा ७, नवशिक्याचा ६. सामग्री एवढीच, आतां हिचा हिशेब करूं.

पहिलें माप भुजबळाचें. याच खेळांत मृतांची एक टोळी आहे. तिचा नायक रक्तपिपासु पिशाच असून त्याची किंमत ११० नाणीं. तो अधिक वेगानें धांवतो, त्याचे हात अधिक बळकट, तो एका वेळीं दोन वार करतो आणि एकाऐवजीं दोन घाव सोसतो. भाडोत्री टोळीचा नायक त्याच्यासमोर एकटा उभा राहिला तर बहुधा मरेल. नवा खेळाडू हें पाहतो आणि पिशाच हाच श्रेष्ठ नायक असा निकाल देतो. परंतु नेतृत्वाचा आंकडा पाहिला तर दोघांचाहि ८ च आहे! म्हणजे वरचीं ५० नाणीं गेलीं तीं नेतृत्वासाठीं नव्हेत, देहासाठीं. त्याच ५० नाण्यांत दुसऱ्या पक्षास दोन शिपाई अधिक मिळतात. नायक म्हणून त्या पिशाचाचें मोल वाढलेलें नाहीं. योद्धा म्हणून वाढलें आहे. हे दोन हिशेब आपण संसारांतहि नित्य एकत्र करतों. उत्तम शिकविणारा तो उत्तम मुख्याध्यापक होईल, उत्तम वकील तो उत्तम पुढारी होईल, असें आपण सहज धरून चालतों. आणि मग दोन्ही पदांची हानि होते.

दुसरें माप सान्निध्याचें. नियम असा आहे कीं, नायकापासून सहा इंचांच्या आंत जो कोणी असेल, त्यानें धैर्याच्या परीक्षेच्या वेळीं स्वतःच्या आंकड्याऐवजीं नायकाचा आंकडा वापरावा. वेल्सच्या तोफेभोंवतींचें अंतर तें हेंच. मात्र येथें दानाची दिशा उलटली आहे. तेथें चार माणसें तोफेला चालतें करीत, येथें एक मनुष्य भोंवतालच्या सर्वांस उभें करतो. आतां दोन फांशांचे प्रकार ३६. त्यांपैकीं बेरीज ६ किंवा कमी येण्याचे प्रकार १५, ७ किंवा कमी येण्याचे २१, आणि ८ किंवा कमी येण्याचे २६. म्हणजे नवशिका तरुण एकटा असतां शंभरांत सुमारें ४२ वेळां टिकेल, जुना शिपाई ५८ वेळां. आणि नायक जवळ असतां दोघेहि ७२ वेळां टिकतील. वाचकांनीं हे आंकडे केवळ गणित म्हणून पाहूं नयेत. त्यांत एक नीतितत्त्व दडलेलें आहे. नायकानें अनुभवी शिपायाजवळ उभें राहावें तर त्याच्या सान्निध्याचा लाभ १४. नवशिक्याजवळ उभें राहावें तर ३०. जो सर्वांत भित्रा, त्याच्याजवळ नायकाचें मोल सर्वांत अधिक!

आपल्या व्यवहारांत याच्या उलट चालतें. पुढारी निवडक कार्यकर्त्यांच्या कोंडाळ्यांत असतो. शिक्षक वर्गांतील पहिल्या पांच मुलांशीं बोलतो. घरांतला कर्ता पुरुष कर्त्या मुलाशींच मसलत करतो. ज्यांस धैर्य आहे त्यांच्या संगतींत नायकाचा वेळ सुखानें जातो हें खरें. पण तेथें तो देतो थोडें. ज्याचे पाय कांपत आहेत त्याच्या बाजूस उभें राहण्यांत गौरव कमी, परंतु नायकपणाचें सार्थक तेथेंच आहे.

आतां या सहा इंचांतून दुसरा, अधिक कठीण प्रश्न निघतो. नायक मौल्यवान् आहे, म्हणून त्याला जपावें. जपावें म्हणून मागें ठेवावें. आणि मागें ठेविला कीं त्याचें मोल नाहींसें झालें! कारण लढणारीं माणसें त्या अंतराच्या बाहेर गेलीं. उलट त्याला अगदीं पुढें धाडावा, तर त्याच्या अंगीं सोसण्याची शक्ति साध्या शिपायाहून रतिमात्र अधिक नाहीं. त्यालाहि एकच घाव पुरतो. हा नायक भिंतीआड निर्धास्त राहूं शकत नाहीं, आणि एकटा पराक्रम गाजविण्यासहि मोकळा नाहीं. जेथें त्याचीं माणसें भीत आहेत, त्याच्या जवळपास त्यानें असलें पाहिजे. आणि जेथें माणसें भितात तेथें भिण्यासारखें कांहींतरी असतेंच. नायकास संकट टाळतां येत नाहीं, याचें कारण शौर्याची हौस नव्हे; त्याचा गुण दुरून पोंचत नाहीं, हें आहे.

नियमकर्त्यांनीं येथें आणखी एक मार्मिक अट घातली आहे. नायक स्वतः खालीं कोसळला असेल, मूर्च्छित असेल किंवा पळत असेल, तर त्याचा आंकडा कोणासहि उसना मिळत नाहीं. पळणारा नायक शेजारून गेला म्हणून कोणास धीर येत नाहीं, हें तर उघड आहे. पण यांतील सूक्ष्म गोष्ट अशी कीं, पळतांनाहि त्याचा स्वतःचा आंकडा ८ च राहतो! गुण त्याच्या ठायीं आहे, पण तो इतरांच्या उपयोगीं पडत नाहीं. अंगीं असलेला गुण आणि इतरांस पोंचलेला गुण या दोन निरनिराळ्या वस्तु आहेत. कित्येक विद्वान् आणि कित्येक सज्जन जन्मभर आठाचा आंकडा बाळगून जातात, आणि त्यांच्या सहा इंचांत कोणीहि येत नाहीं.

परंतु सारेंच श्रेय नायकाकडे द्यावें काय? या खेळांत राइकलंड नांवाच्या प्रांतांतील टोळी आहे. तिचा नायक इतर भाडोत्री टोळ्यांच्या नायकांसारखाच. नेतृत्वाचा आंकडा तोच, किंमत तीच. तरी त्याचा आधार सहा इंचांऐवजीं बारा इंचांपर्यंत पोंचतो. आणि याचें कारण नियमांत असें दिलें आहे कीं, त्या प्रांतांतील लोकांत सैनिकी शिस्तीची परंपरा आहे. नायक तोच असून त्याची पोंच दुप्पट झाली ती अनुयायांच्या वळणामुळें. आम्हांस हा नियम फार मोलाचा वाटतो. आमच्याकडे योग्य नेता नाहीं, असें रडगाणें गाणाऱ्या समाजानें हा हिशेब एकदां करून पाहावा. दिवा तोच असतांहि धुरकट कांचेंतून उजेड थोडा बाहेर पडतो आणि स्वच्छ कांचेंतून पुष्कळ. मग केवळ वातीस दोष कां द्यावा?

आतां किंमतीकडे येऊं. नायकाचे ६० आणि वीराचे ३५, यांतील अंतर २५. आणि २५ नाणीं ही एका साध्या शिपायाची किंमत. म्हणजे नायक विकत घेणारा खेळाडू, वीराच्या मोलावर आणखी एका मनुष्याचें मोल देऊन थोडा बरा नेम, थोडी चपळाई, आणि तें उसनें देतां येणारें धैर्य घेत असतो. एक मनुष्य कमी नेऊन उरलेल्यांस अधिक धीट करावें, हा तो सौदा. तो खेळांत बहुधा किफायतीचाच ठरतो. परंतु तो सौदा आहे, हें विसरतां कामा नये. नायकासाठीं जें खर्च होतें तें कोणाच्या तरी वांट्याचें असतें. आणि म्हणून नायकानें तें कोणत्या रूपानें परत केलें, हा जाब त्याला विचारण्याचा इतरांस हक्क आहे.

हा जाब विचारावयाचें अधिक गंभीर कारण लढाई संपल्यावर कळतें. जे पडले ते जगले कीं मेले हें फांशांनीं ठरतें. पण सर्वांस एकच कायदा नाहीं. नायक, वीर आणि नवशिके तरुण यांस प्रत्येकाचें नांव असतें. त्यांच्यासाठीं मोठें कोष्टक असून त्यांत मृत्यूचे प्रकार ३६ पैकीं ५ आहेत. साध्या शिपायांस गटागटानें मोजतात. त्यांच्यासाठीं एकच फांसा, आणि १ किंवा २ पडला कीं शिपाई गेला. म्हणजे ३६ पैकीं १२. ज्याला नांव आहे त्याला जगण्याची संधि अधिक, ज्याला नांव नाहीं तो स्वस्तांत जातो! हा नियम अन्यायाचा आहे असें कोणी म्हणेल. आम्ही म्हणूं, तो प्रामाणिक आहे. जगांतील युद्धांत, कारखान्यांत आणि दुष्काळांतहि असाच दुहेरी कायदा चालत आला आहे. फक्त तेथें तो कोष्टकाच्या रूपानें छापलेला नसतो. शिवाय जिंकलेल्या टोळीच्या नायकास अनुभवाचा एक गुण अधिक मिळतो, कारण जय त्याच्या नांवावर मांडला जातो. अशा नायकाचें मोल ठरवितांना, त्याला घडविण्यांत आणि वांचविण्यांत किती बिननांवाचे लोक खर्चीं पडले, हा रकाना कोरा ठेवून चालणार नाहीं.

आतां तिसरें माप, पश्चात् उरणाऱ्या बळाचें. टोळीपैकीं चतुर्थांश किंवा अधिक लोक पडले, कीं दर पाळीच्या आरंभीं सबंध टोळीची परीक्षा होते. तींत नापास झाली तर टोळी पळाली आणि डाव हरला. ही परीक्षा नायकाच्या आंकड्यावर होते. नायक पडला असेल तर उरलेल्यांत ज्याचा आंकडा सर्वांत मोठा त्याच्यावर. नायक उभा असतां ओळीनें तीन पाळ्या तग धरण्याचा संभव शंभरांत सुमारें ३८. तो पडून वीर पुढें आला तर सुमारें २०. बळ जवळजवळ निम्मे झालें. पण शून्य झालें नाहीं. नायक कायमचा मेला तर उरलेल्या वीरांत ज्याचें नेतृत्व अधिक तो नायक होतो, आणि उसनें धैर्य देण्याचा अधिकारहि त्याच्याकडे येतो. माणसांच्या टोळींत गादी रिकामी राहत नाहीं.

मृतांच्या टोळीचें तसें नाहीं. पिशाच नायक नष्ट झाला तर मांत्रिक धुरा घेतो; पण मांत्रिकहि नसेल तर ज्या मंत्रांनीं तीं प्रेतें उभीं होतीं ते मंत्र विरतात आणि टोळी कोसळते. त्या प्रेतांचा एक मोठा गुण असा कीं, त्यांस भय ठाऊक नाहीं. तीं कधीं कुरकुर करीत नाहींत, वाद घालीत नाहींत, मागें पळत नाहींत. हुकमी अनुयायांचा याहून उत्तम नमुना कोठें मिळेल? आणि नेमकें त्यांचेंच नायकावांचून अस्तित्व राहत नाहीं. ‘तो गेल्यावर पहा, सारें कसें कोसळेल’ हें ज्या नायकाविषयीं म्हणतां येतें, त्याच्याभोंवतीं माणसें होतीं कीं उभीं केलेलीं प्रेतें होतीं, हा प्रश्न विचारला पाहिजे. कोसळणें ही थोरवीची साक्ष नव्हे. ती ऋणाची नोंद आहे. आयुष्यभर त्यानें धैर्य उसनें दिलें, पण कोणासहि स्वतःचें कमावूं दिलें नाहीं.

इतिहास हीच गोष्ट सांगतो. इ. स. पूर्वी ३६२ मध्यें मँटिनीआच्या रणांगणावर थीब्ज नगराचा सेनानी एपॅमिनॉन्डस यानें शत्रूची फळी फोडली, पण तो स्वतः घायाळ होऊन पडला. त्याबरोबर जिंकत आलेले लोक जेथल्या तेथें थबकले, आणि त्या जयाचें फळ त्यांच्या हातीं लागलें नाहीं. थीब्जचें वैभवहि त्याच्यामागें फार दिवस टिकलें नाहीं. उलट १६३२ च्या नोव्हेंबरांत ल्युट्झेन येथें धुक्यामध्यें स्वीडनचा राजा गुस्ताव्ह अडॉल्फ मारला गेला. तरी बर्नहार्ड या त्याच्या सहकाऱ्यानें सूत्रें हातीं घेतलीं, आणि रात्र पडेपर्यंत रणभूमि स्वीडिशांकडे राहिली. आमच्या वाचकांस तर १६७० मधील सिंहगडाची हकीकत सांगावयासहि नको. तानाजी पडल्यावर सूर्याजीनें लोक सांवरले हें सभासदानें नमूद केलें आहे. पळण्याची वाट राहूं नये म्हणून दोर कापल्याची कथा परंपरेनें चालत आली आहे. तानाजीचें मोल आपण त्याच्या तलवारीनें मोजतों. पण त्याच्यामागें सूर्याजी निपजला, हेंहि त्याच हिशेबांत धरलें पाहिजे.

मात्र खेळाचा हिशेब कोठें अपुरा पडतो, हेंहि सांगितलें पाहिजे. अनुभवानें शिपायांचा नेतृत्वाचा आंकडा वाढूं शकतो, आणि एखादा बिननांवाचा शिपाई वीरांच्या पंक्तींतहि येऊन बसतो. पण तें फांशाच्या पडण्यावर. नायकानें त्याला जवळ बसवून शिकविलें कीं दूर ठेविलें, याची नोंद कोणत्याहि कोष्टकांत नाहीं. आणि दुसरी उणीव याहून मोठी. पिशाचाचा आंकडा ८ आणि मनुष्याचाहि ८. दोघेहि खडे लुटावयास आले आहेत. कोण कशासाठीं लुटतो, हें आंकडा विचारीत नाहीं. उसनें दिलेलें धैर्य सत्कार्यास लागलें कीं दुष्कृत्यास, याविषयीं तो मुका आहे. या मुकेपणाबद्दल खेळास दोष देण्यांत अर्थ नाहीं, कारण खेळ संपल्यावर बाहुलीं डब्यांत जातात आणि कोणाचें घर जळालेलें नसतें. परंतु खऱ्या जगांत नायकाच्या सान्निध्यानें ज्याचें भय गेलें, त्याच्या हातून काय झालें हें पाहिल्याविना त्या नायकाचें मोल ठरवितां येणार नाहीं. भित्र्यास धीट करणें हा गुण. पण ज्या कामास भ्यावयासच हवें, त्या कामाविषयींहि ज्यानें माणसांस निर्भय केलें, त्याचा तो गुण जितका मोठा तितका त्याचा अपराध मोठा.

तेव्हां आरंभीं मांडलेल्या तीन मापांचा निवाडा असा होतो. भुजबळ हें नायकाचें माप नव्हे. तें योद्ध्याचें माप आहे. सान्निध्यानें मिळणारें बळ हें नायकाचें खरें माप. पण तें दुबळ्यांत दुबळ्याच्या बाजूस उभें राहून मोजावें, निवडक बलवानांच्या घोळक्यांत नव्हे. आणि पश्चात् उरणारें बळ ही त्या मापाची कसोटी. कारण जें उसनें होतें तें त्याच्याबरोबर जातें, आणि जें त्यानें खरोखर दिलें तेंच मागें राहतें. या तिहींच्याहि वर कार्याचा प्रश्न आहे. त्याचें उत्तर आंकड्यांनीं मिळत नाहीं, आणि तें दुसऱ्यावर सोंपवितांहि येत नाहीं.

आपणांपैकीं बहुतेकांच्या वांट्यास मोठें नायकपण येत नाहीं. परंतु घरांत, वर्गांत, कचेरींत प्रत्येकाभोंवतीं एक लहानसें वर्तुळ असतें, आणि त्यांत कोणीतरी आपल्याहून अधिक भ्यालेला उभा असतो. त्याच्यापासून आपण किती अंतरावर आहों, हें अधूनमधून मोजून पाहावें. आणि आपण तेथून निघून गेल्यावर तो आपल्या पायांवर उभा राहील अशी कांहीं तजवीज आपण केली आहे कीं नाहीं, हेंहि त्याच वेळीं पाहावें.